वरचा विस्तव : बंगळुरातील एका घरगुती फलपक्वान्नाचा इतिहास

पाककलेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने दोन ठिकाणे पाहिली जातात : राजवाड्याचा मुदपाकखाना आणि बाजारातील नावाजलेले दुकान. मुदपाकखान्याचे हिशेब दप्तरांत उरतात आणि दुकानाच्या पाटीवर स्थापनेचे साल असते. त्यामुळे अभ्यासकाला दोन्हीकडे हाताशी पुरावा मिळतो. या दोहोंच्या मध्ये असलेल्या घरात काय शिजले, कोणी शिजवले आणि का शिजवले, याची नोंद मात्र क्वचितच राहिली. घराचा स्वयंपाक रोज सिद्ध होतो आणि रोज संपतो. इतिहासाला लागणारा अवशेष तो मागे ठेवत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक घरगुती पदार्थ आहे. पिकलेली फळे कापून, साखर व लिंबाचा रस लावून पसरट भांड्यात ठेवायची. त्यांवर लोणी चोळलेल्या मैद्याचे ओबडधोबड गोळे मांडायचे. भांडे वरखाली उष्णता मिळेल अशा रीतीने भाजायचे आणि गरम असतानाच जेवणाच्या शेवटी वाढायचे. इंग्रजीत याला 'कॉबलर' म्हणतात. हे नाव अमेरिकेचे आहे, आणि त्यामुळे बंगळूरसारख्या शहराच्या संदर्भात हा पदार्थ म्हणजे एक उसना शौक, फार तर अलीकडच्या संगणक-संस्कृतीची खूण, असे समजण्याकडे आपला कल असतो. ही समजूत अपुरी आहे. नाव उशिरा आले हे खरे. परंतु या पदार्थाला लागणारे फळ, पीठ, लोणी आणि वरून मिळणारा विस्तव हे चारही घटक या शहरात वेगवेगळ्या वाटांनी येऊन फार पूर्वीपासून तिष्ठत होते. त्यांची गाठ घराने घालून दिली. त्या गाठीचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पदार्थाचे कुळ पाहू. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांना मायदेशीचे पाय आणि पुडिंग हवे होते, परंतु नव्या भूमीत विटांच्या भट्ट्या सर्वत्र नव्हत्या. होते ते बिडाचे, जाड बुडाचे, खोलगट झाकणाचे भांडे. ते निखाऱ्यांवर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे रचायचे. पारी लाटून कडा मुडपण्याची नाजूक कारागिरी अशा भांड्यात साधत नाही. म्हणून पीठ जसेच्या तसे फळांवर टाकले जाऊ लागले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द केंटकी हाउसवाइफ' या पुस्तकात लेटिस ब्रायन यांनी पीच फळाच्या अशा पदार्थाची कृती दिली आहे आणि तो पाहुण्यांपुढे मिरवण्याजोगा नसला तरी घरच्यांसाठी उत्तम आहे, असा अभिप्राय तिच्यासोबत नोंदवला आहे. १८५९ च्या बार्टलेट यांच्या अमेरिकी शब्दकोशात या शब्दाची नोंद पश्चिमेकडील बोलीतला शब्द म्हणून आढळते. म्हणजे जन्मापासूनच हा पदार्थ प्रतिष्ठेच्या बाहेरचा आहे. साधनांच्या अभावातून तो जन्मला आणि घराच्या चौकटीतच राहिला. त्याचे हे दोन्ही गुण बंगळूरच्या कथेत पुन्हा भेटतील.

आता बंगळूरकडे वळू. मराठी वाचकाला या शहराचे नाव परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने ते घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढे त्यांचे पुत्र एकोजी यांच्याकडे राहिले. एकोजी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरी स्थिरावले आणि १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. या अर्धशतकातील मराठी घरांत काय शिजत होते हे सांगणारी वही आपल्यापाशी नाही. परंतु दक्षिणेतील मराठी माणसाने अन्नाविषयी लिहिले, हे निश्चित. रघुनाथ नवहस्त यांचा 'भोजनकुतूहल' हा सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांच्या संशोधनामुळे अभ्यासकांपुढे आला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातील, म्हणजे १७९८ ते १८३२ या कारकिर्दीशी निगडित असलेले 'शरभेंद्र पाकशास्त्र' जपले गेले. परंतु हे लेखन दरबाराच्या आश्रयाचे आहे. घराचा आवाज त्यात अप्रत्यक्षच ऐकू येतो.

फळांची वाट दरबारातून निघाली आणि बागेतून गेली. १७६० मध्ये हैदरअलीने लालबागेची आखणी सुरू केली आणि टिपूने तिच्यात देशोदेशीची रोपे आणवली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि १८७४ मध्ये जॉन कॅमेरॉन तिचे अधीक्षक झाले. चौचौ ही वेलीवरची भाजी या भागात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्यानंतर १९०८ मध्ये आलेले क्रुम्बिगल मराठी वाचकाला आणखी जवळचे वाटतील. कारण लंडनच्या क्यू उद्यानातून ते १८९३ मध्ये प्रथम बडोद्यास सयाजीराव गायकवाडांकडे आले होते आणि तेथील उद्यानांची रचना करून मग म्हैसूर संस्थानात गेले. लालबागेने केवळ शोभेची फुले दिली नाहीत. परदेशी रोप या मातीत जगते का, कोणत्या ऋतूत फळते आणि शेतकऱ्याला परवडते का, याची परीक्षा तेथे होत असे.

येथे कन्नड भाषेतील एक लहानसा उपसर्ग फार बोलका आहे. चौचौला कन्नडमध्ये 'सीमेबदनेकायी' म्हणतात, म्हणजे 'विलायती वांगे'. रॉकेल हे 'सीमेएण्णे' आणि खडू हा 'सीमेसुण्ण'. मराठीत आपण 'विलायती चिंच' म्हणतो त्यातलाच हा प्रकार. परकी वस्तू आली की तिला आपल्याकडील एखाद्या ओळखीच्या वस्तूचे नाव द्यायचे आणि 'सीमे' हा शिक्का मारून घरात घ्यायचे. कालांतराने शिक्का उरतो, परकेपणा उरत नाही. सीमेबदनेकायीचे सांबार करणाऱ्या गृहिणीच्या मनात विलायतेचा विचारही येत नाही.

बंगळूरच्या परिसरातील 'बंगळूर ब्लू' हे काळसर जांभळे द्राक्ष याचे उत्तम उदाहरण होय. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या भागांत ते पिढ्यान् पिढ्या पिकते आणि भौगोलिक निर्देशनाच्या सूचीत त्याचे नाव या शहरावरूनच नोंदवलेले आहे. परंतु त्याचे कुळ अमेरिकी 'लाब्रुस्का' द्राक्षाशी जुळते. त्याचा तो कस्तुरीसारखा दाट वास आणि सालीपासून सुटणारा गर ही त्या कुळाचीच लक्षणे आहेत. या द्राक्षांच्या विक्रीसाठी १९५९ मध्ये मरीगौडा यांच्या पुढाकाराने उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तीच पुढे सर्व फळभाज्यांची विक्री करणारी 'हॉपकॉम्स' झाली. याच्या उलट दिशेचे उदाहरण आंब्याचे. आपण ज्याला तोतापुरी म्हणतो त्याचे दुसरे प्रचलित नाव 'बँगलोरा' असे आहे. लांबट, चोचीचा, घट्ट गराचा आणि किंचित आंबटसर असा हा आंबा मिरवायला हापूसच्या जवळपास जात नाही; परंतु आगीत टिकतो. हापूसचा सुगंध उष्णतेने उडून जातो आणि गर विरघळतो, तर तोतापुरीच्या फोडी भाजल्यावरही आकार धरून राहतात. त्यांत निलगिरीकडून उन्हाळ्यात येणारे प्लम, पीच आणि नासपती यांची भर पडली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात छावणीच्या भागात उभ्या राहिलेल्या रसेल मार्केटमध्ये ही सर्व फळे एकत्र मिळू लागली.

पिठाची आणि लोण्याची वाट मात्र छावणीतून आली. श्रीरंगपट्टणची हवा मानवेना म्हणून १८०९ मध्ये इंग्रजांनी आपले सैन्य बंगळुरास हलवले आणि जुन्या पेठेच्या पूर्वेस एक वेगळे शहर वसू लागले. १८८१ मध्ये राज्य वडियारांना परत मिळाले तरी ही छावणी १९४७ पर्यंत इंग्रजी अमलाखालीच राहिली. या प्रदेशाचे मुख्य धान्य नाचणी. पावासाठी आणि केकसाठी लागणारा गव्हाचा बारीक मैदा ही छावणीची गरज होती. लोण्याचेही तसेच. आपल्या परंपरेत लोणी कढवून तूप करण्यासाठी असते. कच्चे, थंड, घट्ट लोणी पिठात चोळणे ही कल्पना आपल्या स्वयंपाकात नव्हती. आपण मोहन घालतो ते तापवून. बंगळूरची उंची सुमारे ९२० मीटर असल्याने येथली हवा वर्षातील बराच काळ थंड असते आणि लोणी हातात वितळत नाही. मुंबई किंवा मद्रासच्या दमट उन्हाळ्यात जी कृती बर्फाशिवाय साधत नाही ती येथे सहज साधते. १९०५ मध्ये निलगिरीत सुरू झालेली आणि १९३६ पासून बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर असलेली 'नीलगिरीज' ही दुग्धशाळा छावणीला असे लोणी पुरवत असे.

छावणीतील स्वयंपाकाविषयी इंग्रजी पुस्तके बरीच आहेत. मद्रास इलाख्यातील लष्करी अधिकारी केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या नावाने १८७८ मध्ये 'क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' हे पुस्तक लिहिले. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे गृहव्यवस्थेवरील पुस्तक १८८८ चे. या ग्रंथांत एक गोष्ट विलक्षण आहे. त्यांचा वाचक स्वयंपाक करीत नाही आणि स्वयंपाक करणारा ते वाचू शकत नाही. मडमेने कृती वाचायची, मोडक्यातोडक्या भाषेत सांगायची आणि धुराने भरलेल्या खोलीत उभ्या असलेल्या देशी स्वयंपाक्याने ती सिद्ध करायची, अशी ही व्यवस्था. वायव्हर्नच्या पुस्तकात या स्वयंपाक्याला 'रामासामी' असे सरसकट नाव आहे. ते कोणा एकाचे नाव नव्हे. नाव विचारण्याची गरज वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु भट्टी कशी तापते, निखारे केव्हा काढायचे, पीठ हवेच्या दमटपणाने किती दूध पिते, हे ज्ञान या अनामिकांच्या हातांत होते. पुस्तकातील कृतीचा लेखक कोण, असा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे विचारला पाहिजे. शब्द एकाचे आणि कृती दुसऱ्याची असताना लेखकपण कोणाकडे जाते?

भट्टी पेठेपर्यंत कशी पोचली ती कथा बंगळुरात प्रसिद्ध आहे. हासनकडून आलेल्या एच. एस. तिरुमलाचार यांनी १८९८ च्या सुमारास चिकपेठेत बी. बी. बेकरी सुरू केली. त्यांच्या मिठाईच्या दुकानात येणाऱ्या एका इंग्रजाने त्यांना भाजकामाचे धडे दिले असे सांगितले जाते. तिच्यापासून अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा वाढली आणि अंड्याशिवाय केलेले पाव, बन आणि बिस्किटे सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्या घरांतही गेली. छावणीकडे मॉस्क रोडवर १९०२ पासून आल्बर्ट बेकरी आहे. ही दुकाने शहराच्या स्मृतीचा भाग झाली ते योग्यच आहे.

परंतु बेकरीच्या काचेच्या कपाटात आपल्या पदार्थाला कधीच जागा नव्हती, आणि याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. बेकरीला विकता येते ते टिकणारे. अय्यंगार बेकरीचे 'दिलपसंद' पाहा : दोन पापुद्र्यांमध्ये नारळाचा गोड कीस आणि टुटीफ्रुटी, म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेल्या कच्च्या पपईचे रंगीत तुकडे. दुकान फळाला स्वीकारते ते असे मुरवून आणि सुकवून. ताज्या फळाचा रस सुटतो आणि तासाभरात वरचे पीठ खालून लिबलिबीत होऊ लागते. ख्रिसमसच्या वेळी घरी कालवलेले केकचे पीठ शेजारच्या बेकरीच्या भट्टीत भाजायला पाठवण्याची चाल छावणीत होती; केक तो प्रवास सहन करतो आणि दिवसेंदिवस टिकतो. कॉबलर प्रवास सहन करीत नाही. तो जेथे भाजला तेथेच, त्याच भांड्यातून, गरम असताना खायचा. म्हणून तो घराबाहेर पडला नाही, आणि म्हणूनच त्याचा इतिहास लिहिला गेला नाही.

राहिला चौथा घटक, वरचा विस्तव. यातील तत्त्व थोडे समजून घेतले पाहिजे. भांडे तापू लागले की फळांचा रस सुटून उकळतो. बंगळूरच्या उंचीवर पाणी सुमारे ९७ अंशांवर उकळते. ही उकळी आणि तिची वाफ वरच्या पिठाच्या गोळ्यांना खालून शिजवते, इडलीसारखे. त्याच वेळी बेकिंग पावडरमधून निघणारा वायू त्यांना फुगवतो. परंतु वाफेने शिजलेले पीठ पांढरे आणि मऊच राहते. त्याला खुसखुशीत तांबूस कवच यायचे तर वरून कोरडी उष्णता मिळावी लागते. खाली ओलावा आणि वर कोरडेपणा, खाली आंबटगोड रस आणि वर लोण्याचा खमंगपणा, हा विरोध हेच या पदार्थाचे सौंदर्य आहे. विस्तव केवळ खालून दिला तर कॉबलर होत नाही, फळांच्या रसात उकडलेले गोळे होतात.

आपल्या पारंपरिक स्वयंपाकात विस्तव बहुधा खालून असतो, हे खरे. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील घरांना वरचा विस्तव अनोळखी नव्हता. कोकणात आणि गोव्यात तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस किंवा तवसळी करतात, ती झाकणावर निखारे ठेवून. गोव्यातील ख्रिस्ती घरांची बिबिंक तर एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजूनच चढवली जाते. अमेरिकेच्या अरण्यातील वसाहतकरी बाईने बिडाच्या भांड्यावर निखारे रचले आणि सिंधुदुर्गातील बाईने पितळेच्या पातेल्यावरील झाकणीत ते ठेवले. दोघींची अडचण एक होती आणि दोघींनी शोधलेला उपायही एकच. यात कोणी कोणाचे अनुकरण केले नाही. फळाचा ओलावा, पिठाचा आधार आणि वरून विस्तव ही रचना दोन खंडांत स्वतंत्रपणे सापडली.

मराठी कुटुंबे बंगळुरास पुन्हा मोठ्या संख्येने आली ती विसाव्या शतकात. भावसार आणि शिंपी समाजाची जुनी वस्ती पेठेत होतीच. १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये सुरू केलेला विमानांचा कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, यंत्रे, घड्याळे व इलेक्ट्रॉनिक्स यांचे सरकारी उद्योग यांमुळे शिकलेल्या नोकरदारांचा एक नवा वर्ग आला. त्यांच्या बायका सोबत धोंडसाची, नारळीभाताची, साखरभाताची आठवण घेऊन आल्या. शेजारी अय्यंगार, अँग्लो-इंडियन, मंगळूरचे ख्रिस्ती, सारस्वत. १९०५ पासून या शहरात विजेचे दिवे होते, आणि पुढे स्वयंपाकघरात विजेवर चालणारा, अल्युमिनियमचा, काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन आला. वर तारेचे वेटोळे, खाली भांडे : झाकणावरच्या निखाऱ्यांचेच हे विजेचे रूप. ज्यांच्याकडे तो नव्हता त्या कुकरमध्ये वाळू घालून केक भाजत. वाळूच्या कुकरात केक बरा होतो, परंतु वरून तांबूस होत नाही. गोल ओव्हनने ती उणीव भरून काढली. शिवाय केकला सहसा अंडे लागे. फळांवर लोणी-मैद्याचे गोळे ठेवण्याच्या कृतीला अंडे मुळीच लागत नाही. शाकाहारी घराला आडवे येईल असे तिच्यात काहीच नव्हते.

या टप्प्यावर त्याला कॉबलर म्हणत नसत. 'फळांचे पुडिंग' म्हणत किंवा काहीच म्हणत नसत. 'कॉबलर' हा शब्द शहरात रुळला तो बराच नंतर. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरात केंद्र उघडले आणि त्यापुढील दशकांत या शहराची व अमेरिकेची ये-जा घरोघरची झाली. मुले तिकडे गेली, आया बाळंतपणासाठी गेल्या, आणि परतताना एका जुन्या कृतीचे नवे नाव घेऊन आल्या. पदार्थ आधी आणि नाव नंतर, हा क्रम वाङ्मयाच्या इतिहासातही आपल्याला परिचित आहे.

कृती म्हणून आज ती बरीच स्थिरावली आहे. सहा माणसांसाठी पाऊण किलो फळ, फळाच्या आंबटपणाप्रमाणे शंभर ग्रॅम किंवा थोडी अधिक साखर, एका लिंबाचा रस आणि रस दाटावा म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर. वरच्या पिठाला दीडशे ग्रॅम मैदा, पाऊणशे ग्रॅम थंड लोणी, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि ओले होण्यापुरते दूध किंवा ताक. ताक घालणे ही येथल्या घरांची सोय आहे आणि ती शास्त्रालाही धरून आहे; आंबटपणामुळे पीठ हलके होते. लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचे आणि पीठ मळायचे नाही, हा एकच नियम कठोर. पोळीची कणीक तिंबण्याची सवय असलेल्या हाताला हा संयम जड जातो. १८० ते १९० अंशांवर ३५ ते ४५ मिनिटांत गोळे तांबूस होतात आणि कडेने दाट रसाचे बुडबुडे येऊ लागतात. मग पाव तास थांबायचे, म्हणजे रस बसतो. मे-जूनमध्ये तोतापुरी, पुढे प्लम, एरवी बिया काढलेली काळी द्राक्षे. वेलची किंवा जायफळ हवे तर घालावे. त्यासाठी कोणाची परवानगी घेण्याचे कारण नाही.

१९८० नंतरच्या मराठी समीक्षेत भालचंद्र नेमाडे यांच्या लेखनामुळे देशीयतेची चर्चा केंद्रस्थानी आली. त्या चर्चेतील एक प्रश्न येथे उपयोगी पडतो : एखादी गोष्ट देशी ठरते ती कशावरून? उगमावरून ठरवायचे म्हटले तर मिरची, बटाटा, टोमॅटो आणि आपला उपवासाचा साबूदाणा, सारेच बाद होईल. आपल्या पदार्थाच्या बाबतीत नाव अमेरिकेचे, काळे द्राक्ष अमेरिकी कुळाचे, ओव्हन विलायती पद्धतीचा. परंतु तोतापुरी येथला, ताक येथले, अंडे न वापरण्याचा निर्बंध येथला आणि वरच्या विस्तवाची समज कोकणातून आलेली. यांतील एकेक घटक वेगळा काढून त्याचे पारपत्र तपासण्यात अर्थ नाही. एखाद्या घराने स्वतःच्या अडचणीसाठी, स्वतःच्या ऋतूत, स्वतःच्या निर्बंधांसह एखादी कृती बदलली की ती त्या घराची होते. अनुकरण आणि आत्मसात करणे यांतील फरक या बदलात असतो. पुस्तकातील पीच मिळेपर्यंत थांबणारी व्यक्ती अनुकरण करते. बाजारात तोतापुरी दिसल्यावर कृती फिरवणारी व्यक्ती लेखक असते.

लेखक हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. मराठीत छापील पाकग्रंथांची परंपरा १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून सुरू होते. १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर यांचा 'गृहिणी-मित्र', १९४३ मध्ये सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' अशी तिची ठळक ठिकाणे आहेत. पुरुषाने लिहिलेल्या शास्त्रापासून वाटी-चमच्याच्या मापात बोलणाऱ्या गृहिणीपर्यंतचा हा प्रवास मराठी गद्याच्याही इतिहासाचा भाग आहे. परंतु या छापील ग्रंथांच्या खाली आणखी एक थर आहे, तो हाताने लिहिलेल्या वह्यांचा. परप्रांतात राहिलेल्या मराठी स्त्रियांच्या वह्यांत 'लिंबाएवढे लोणी' अशी मापे असतात, शेजारणीच्या भाषेतील शब्द देवनागरीत उतरलेले असतात, समासात 'साखर कमी' असा शेरा असतो आणि कृती जिच्याकडून मिळाली तिचे नाव असते. छावणीच्या पुस्तकांनी ज्याला 'रामासामी' म्हणून विसरून टाकले, त्याच्या उलट ही रीत. येथे देणारी अनामिक राहत नाही.

या वह्या आता वेगाने नाहीशा होत आहेत. घरे बदलतात, पुढील पिढीला देवनागरी वाचता येतेच असे नाही आणि कृती पडद्यावर तयार मिळते. वह्यांसोबत त्यांतील ऋतूही जात आहेत. ज्या देवनहळ्ळीचे चकोतरे प्रसिद्ध, तेथे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि भोवतालच्या बागांची जमीन शहराच्या हिशेबात गेली. फळबाग नकाशावरून पुसली गेली तरी सरकारी दप्तरात तिची नोंद उरते. त्या फळाचे घरात काय होत असे, याची नोंद केवळ वहीत असते.

म्हणून शेवटी ग्रंथालयांना आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. कवीची हस्तलिखिते आणि पत्रे आपण जपतो, त्यांच्या आवृत्त्या सिद्ध करतो, पाठभेद नोंदवतो. तेलाच्या डागांच्या, पिवळ्या पडलेल्या, एकाच वहीत दोन-तीन हस्ताक्षरे असलेल्या पाकवह्यांनाही हीच पद्धत लावता येईल. एका कृतीतील पीच खोडून वर आंबा लिहिलेला असेल, तर तो पाठभेदच आहे. तो कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाच्या हाताने झाला, हे विचारणारे आज कोणी असेल तर उत्तर देणाऱ्या स्त्रिया अजून हयात आहेत. आणखी वीस वर्षांनी वही मिळाली तरी ती वाचून दाखवणारे कोणी नसेल.